पाटावर नसलेला गणपती

जगात मूर्ख किती आहेत हे शोधून काढायची सरकारी नोकरी असती, तर मी पहिल्याच फेरीत लागले असते. तशी जागा अजून निघालेली नाही, म्हणून मी रिझनिंग शिकवते.

पेणला रामवाडीत हायवेच्या कडेला आमचा क्लास आहे. खाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान, वर आम्ही. बाहेरच्या बोर्डावर सूट घातलेल्या एका हसऱ्या माणसाचा फोटो आहे. तो कोण हे क्लासच्या मालकालाही माहीत नाही. पोलीस भरती, तलाठी, बँक, रेल्वे, जी जाहिरात निघेल तिची पोरं येतात, माना डोलावतात आणि चुकीची उत्तरं घेऊन घरी जातात.

धडा काही अवघड नसतो हो. वडखळ नाक्यावर गेलात तर ट्राफिकमध्ये अडकाल. हे एवढं एकच वाक्य खरं धरायचं. मग मी विचारते, बंड्या ट्राफिकमध्ये अडकलाय, तर तो कुठे आहे? अख्खा वर्ग एका सुरात, "वडखळला!" अरे, वडखळलाच कशाला? एवढा हायवे पडलाय की. बरं, बंड्या वडखळला गेलाच नाही, तर? "तर सुटला, मॅडम!" कुणी सांगितलं सुटला? माझं वाक्य वडखळला जाणाऱ्यांबद्दल बोलतंय. न जाणाऱ्यांबद्दल त्याने तोंडसुद्धा उघडलेलं नाही. छातीठोकपणे एकच सांगता येतं, जो अडकलेला नाही तो वडखळला गेलेला नाही. बाकी जिथे वाक्य गप्प बसतं तिथे आपणही गप्प बसायचं. पण आपल्याकडे गप्प बसायची सवय आहे कुणाला?

'सर्व' आणि 'काही'चा तर आनंदच. मी विचारते, 'सर्व पेणकर गणपती बनवतात' हे खोटं पाडायला काय लागेल? पोरं सांगतात, एकही पेणकर गणपती बनवत नाही असं दाखवावं लागेल. अरे कपाळ माझं! एक माणूस पुरतो. ही मी उभी आहे ना तुमच्यासमोर, मला साधा उंदीर बनवता येत नाही. झालं खोटं. पुढचा प्रश्न घ्या.

ह्या सगळ्या शहाण्यांचा मुकुटमणी मागच्या बाकावर बसतो. हितेश. माझा सख्खा धाकटा भाऊ. इतकी वर्षं नागोठण्याकडे एका कंपनीत शिफ्टला होता, तिथेच खोली घेऊन राहायचा. यंदा कंत्राट संपलं, साहेब घरी आले आणि तलाठी व्हायचं ठरवून बसले. माझ्याकडून फुकट शिकायला मिळतंय, तर तेवढ्यात तरी समाधान मानावं? नाही. ह्याने मोबाइलवर एक गुरू केला. गॉगल लावून शिकवणारा. तो म्हणे, 'जर-तर' दिसलं की दोन्हीकडे 'नाही' चिकटवा, उत्तर तयार. वडखळला गेला तर अडकला, म्हणजे नाही गेला तर नाही अडकला. मी वर्गात जी चूक महिनाभर घासून काढते, ती हा गॉगलवाला ट्रिक म्हणून विकतो आणि त्याला लाखो लोक हात जोडतात.

"ताई, तुझी पद्धत लय लांबची हाय," हितेश म्हणाला होता.

"हो रे बाबा. बरोबर उत्तराचा रस्ता जरा लांबूनच जातो," मी म्हटलं होतं.

मला वाटलं होतं, फार तर फार परीक्षेत नापास होईल. त्याची ट्रिक आमच्या घरात शिरून कुणाचा तरी गणपती घेऊन जाईल असं मला कुठे माहीत!

आमचं घर पेणजवळच्या हमरापूरचं. घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे आम्ही. बाबांचं नाव जनू. त्यांचा हात डोळ्यांच्या आखणीला प्रसिद्ध. बाकी रंग कुणीही मारतो, पण मूर्तीचे डोळे बाबाच काढतात आणि तेव्हा आमच्या घरात कुणी शिंकलेलंही त्यांना चालत नाही. आमच्या कारखान्यात आजोबांपासून एक रीत आहे. गिऱ्हाइकाने मूर्ती पसंत केली की त्याने आपल्या घरचा पाट आणून द्यायचा. पाटावर खडूने नाव लिहायचं आणि मूर्ती त्यावर ठेवायची. पाटावर चढली की ती त्या घरची. मग मुंबईहून मोटार घेऊन कुणी आला आणि कितीही हट्ट धरला तरी मिळायची नाही. थोडक्यात, पाटावरची प्रत्येक मूर्ती गिऱ्हाइकाची. हे वाक्य आमच्या गल्लीत शेंबडं पोरही म्हणून दाखवेल.

फक्त एक मूर्ती दरवर्षी पाटावर नसते. ती काशीकाकीची.

काशीकाकी खाडीकडच्या गावची. तिच्या घरात गणपतीचा पाट जागचा हलवायचा नाही, तो सासऱ्याच्या हातचा, कोनाड्याखाली जमिनीत बसवलेला आहे. ती फडकं घेऊन येते, चुंबळ करते आणि गणपती डोक्यावरून नेते. तोवर तो आमच्या डाव्या कोपऱ्यात उलट्या घमेल्यावर बसतो. आणखी एक गंमत म्हणजे माती ती देते. सगळी नाही; शाडू आमचीच, पण त्यात तिच्या खाडीलगतच्या खारशेताच्या बांधावरचं एक ढेकूळ कालवायचं. घरचा देव घरच्या मातीचा असावा, असं तिच्या सासूचं म्हणणं होतं. मी लहानपणी हसायचे. बाबा मात्र ते ढेकूळ असं हातात घ्यायचे की जणू पेढा दिलाय.

गेल्या पावसाळ्यात मोठं उधाण आलं आणि खाडीचा बांध फुटला. दुरुस्ती होणार, होणार म्हणत कुणीतरी येऊन फोटो काढून गेलं. शेत पाण्याखाली गेलं ते गेलंच. आता तिथे भरतीला होडी चालते. काशीकाकीने आदल्या साली जास्तीची माती आणून चुलीमागे बादलीत ठेवली होती. माघात, हितेश अजून नागोठण्यालाच असताना, ती बादली घेऊन आली आणि सगळीच आमच्यासमोर ओतली.

"जनूदादा, ही शेवटची. आता आणू म्हटलं तर बुडी मारायला लागंल," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. बाबा हसले नाहीत.

तर आता ऐका आमच्या साहेबांचा पराक्रम. हरतालिकेच्या आदल्या दिवशी बाबा सोनेरी रंग आणायला शेजारच्या जोहे गावाला गेले. गल्ल्यावर हितेश. संध्याकाळी मी क्लासवरून आले, चपला काढल्या आणि डाव्या कोपऱ्यात पाहिलं. घमेलं रिकामं.

"काशीकाकी आजच येऊन गेली?" मी विचारलं.

"काशीकाकी? नाय," हितेश म्हणाला. "तो कोपऱ्यातला ना? विकला. रोह्याचा एक काका आलेला, शाडूचाच पायजे म्हणून अडून बसला. पाट पण आणलेला त्याने. दिला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विकला? अरे तो गिऱ्हाइकाचा होता!"

"मग पाट कुठं होता?" हा उलट माझ्यावर! "ताई, तूच शिकवतेस ना? पाटावर असेल तर गिऱ्हाइकाचा. पाटावर नाय, तर गिऱ्हाइकाचा नाय. साधं लॉजिक हाय."

मी तिथेच बसले, रंगाच्या डब्यावर. चाळीस पोरांसमोर फळ्यावर जी चूक मी रोज लाल खडूने खोडते, ती माझ्याच घरात, माझंच नाव पुढे करून घडली होती. "गाढवा," मी म्हटलं, "पाटावरचे सगळे गिऱ्हाइकाचे, एवढंच आपण म्हणतो. गिऱ्हाइकाचे सगळे पाटावर, असं कोण म्हणालं? ते खोटं पाडायला एक मूर्ती पुरे होती, आणि ती त्या घमेल्यावर बसली होती!"

"काकीचा घमेल्यावर असतो हे मला कुणी सांगितलंवतं?" तो म्हणाला. तेही खरंच. पण न सांगितलेलं स्वतःच्या मनाने भरायचं नसतं, हेच तर शिकवते ना मी? जाऊ दे. माठाला कितीही पाणी घाला, तळाला भोक असेल तर काय उपयोग.

बाबा आले, त्यांना सांगितलं. ते घमेल्यापाशी गेले आणि ते उगाच सरळ करून ठेवलं. मला त्यांची दया आली आणि रागही आला.

एक बरं होतं. पाटावर खडूने नाव होतं ते हितेशला आठवत होतं. महिपती, राहणार अष्टमी, म्हणजे रोह्याला कुंडलिका नदी ओलांडली की पलीकडे. उद्या हरतालिका, परवा चतुर्थी. मूर्तीची स्थापना अजून झालेली नव्हती. स्थापना झाली की मग विसर्जनापर्यंत कुणी हात लावू देत नाही. मी पहाटेची एसटी धरली.

महिपतीकाका कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेले. हे त्यांनी मी चपला काढायच्या आधीच सांगितलं. खुर्चीत असे बसले होते की समोर अजून शंभर कामगार उभे आहेत. गणपती कोपऱ्यात, त्यांच्या पाटावर, तोंडावर रुमाल टाकलेला. मी सगळी हकीकत सांगितली. बदली मूर्ती देते म्हटलं, त्याच साच्यातली, हवी तर मोठी.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "ह्या घरात आलेला एकही गणपती आजवर परत गेलेला नाही."

मला गप्प बसायला हवं होतं. पण समोर 'एकही' असं चुकीचं पडलेलं दिसलं की माझ्या जिभेला खाज सुटते. "काका, आलेला प्रत्येक गणपती परतच जातो," मी म्हटलं. "कुणाचा दीड दिवसाने, कुणाचा पाच. नाहीतर आत्तापर्यंत तुम्हाला झोपायला जागा उरली नसती."

आतून कुणीतरी हसलं. त्या त्यांच्या बायको, शांतीकाकू. उपास होता त्यांचा, वाळूची पिंड करायला बसल्या होत्या. महिपतीकाकांच्या मिशा फुरफुरल्या.

"पाट माझा. माझ्या पाटावरचा गणपती माझा," ते म्हणाले.

"उद्या पाटावर मांजर बसलं तर त्याची पण आरती करणार का?"

हे बोलायला नको होतं, मान्य. पण मी काय करू? माणूस समोरासमोर उलटी वाक्यं बोलतो आणि वर छाती पुढे काढतो. ते उठलेच. "एवढं त्या बाईचं मन अडकलंय तर ती कुठं हाय? तुम्हाला वकील करून पाठवलंय काय? तिने स्वतः येऊन मागितला, तर देईन. महिपती शब्दाचा पक्का हाय, रोह्यात कुणालाही विचारा. आता या."

खाडीकडची म्हातारी बाई हरतालिकेच्या दिवशी एवढ्या लांब येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दयाळूपणा दाखवायचा आणि खिशातून काही जाऊ द्यायचं नाही, अशा लोकांना 'जर-तर' फार आवडतं.

तरी मी खुशीत परत आले. येऊन मागितला तर देईन. म्हणजे काकीला सांगायचं, घेऊन जायचं, काम झालं. एवढी सरळ साखळी मी बँकेच्या परीक्षेतही पाहिलेली नाही.

घरी आले तर घमेल्यावर गणपती बसलेला.

क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. मग जवळ गेले. साचा तोच, पितांबर तेच, बाबांनी सकाळपासून बसून डोळेही तसेच काढलेले. पण हा नुसत्या शाडूचा. काशीकाकीच्या शेताचा कणही ह्यात नव्हता.

"बाबा, हे काय?"

बाबा कुंचला पुसत होते. कुंचला स्वच्छ झाला तरी पुसतच होते. "खाडीकडच्या गावांचे सगळे पाट आपल्याकडे येतात," ते म्हणाले. "जनूने एकीचा गणपती विकला असं एकदा बाहेर पडलं, तर पुढल्या साली एक पाट यायचा नाय. आपण खोटं बोलायचं नाय, मृणाली. तिने विचारलं तर सांगायचं."

"आणि नाय विचारलं तर नाय सांगायचं," हितेश म्हणाला.

"असं बाबा म्हणाले नाहीत."

"अगं त्याचाच अर्थ तो!"

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी म्हणावं, नाही रे, तसा अर्थ नाही. ते काही बोलले नाहीत. तेव्हा मला कळलं की बाबांना तोच अर्थ हवा होता. मला आजवर वाटायचं, उलटा तर्क माणूस अडाणीपणाने करतो. साफ चूक. निम्मी माणसं तो सोयीसाठी करतात. हितेशला खरंच कळत नव्हतं. बाबांना कळत होतं. आणि सांगायला लाज वाटते, त्या घटकेला मला हितेश बरा वाटला.

दुपारी काशीकाकी आली. धुतलेलं काठाचं लुगडं, हातात फडकं. आल्या आल्या घमेल्यापुढे वाकली, हात जोडले आणि थोडा वेळ बघत राहिली.

"डोळे ब्येस काढलेस रे जनूदादा," ती म्हणाली.

"बस गो, पाणी घे," बाबा म्हणाले.

"बसायला वेळ कुठं? शिवा होडी सांगून आलाय." शिवा म्हणजे तिचा नवरा. मग ती माझ्याकडे वळून सांगायला लागली, कारण आनंद कुणालातरी सांगावाच लागतो. "दीड दिवसानं आमी ह्याला होडीतनं नेनार. आमचं शेत हाय ना, बांधापासनं तिसरं, बरोबर तिथं जाऊन सोडनार. शिवा म्हनतो, जागा कशी कळनार? मी म्हटलं, चिंचेचा शेंडा अजून वर हाय पान्याच्या, त्याच्या अंगानं जायाचं. शेताची माती शेतात जाईल. पुरी जमीन तर कुनी परत द्यायचं नाय. एवढी तरी आपल्या हातानं ठेवू."

हितेश मान खाली घालून खडूचे तुकडे गोळा करायला लागला. त्याला तरी लाज होती म्हणायची.

मी वाट पाहिली. देवाशपथ सांगते, मी वाट पाहिली. विचार गो काकी, एकदा विचार, हाच ना माझा म्हणून. एवढंच हवं होतं. मग मी बाबांचा शब्द पाळून खरं बोलले असते आणि सगळ्यांची अब्रू राहिली असती. पण तिने काही विचारलं नाही. तिने चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि बाबांना म्हणाली, "चल, हात लाव."

बाबांनी हात लावला. मूर्ती उचलली गेली.

'विचारलं तर सांगायचं.' न विचारलं तर काय करायचं, ह्याबद्दल ते वाक्य गप्प होतं. आणि आता बोलायचं की नाही हे वाक्य ठरवणार नव्हतं, मला ठरवायचं होतं.

"काकी, तो खाली ठेवा," मी म्हटलं. "तो तुमचा नाही. तुमचा आम्ही विकला."

काकीने मूर्ती सावकाश घमेल्यावर उतरवली. माझ्याकडे नाही, बाबांकडे पाहिलं.

"जनूदादा?"

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं," बाबा म्हणाले.

"काय विचारनार?" काशीकाकीचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "आपल्या घरच्या गनपतीला कोन विचारतं रं, तू आमचाच काय म्हनून?"

काकीने फडकं झटकलं, खांद्यावर टाकलं. "कुठं हाय?"

"रोह्याला. तुम्ही स्वतः येऊन मागितला तर देतो म्हणालाय."

"चल."

तो नवा गणपती मी मांडीवर घेतला आणि आम्ही एसटीत बसलो. मी दोनदा माफी मागितली, तिने दोनदा खिडकीबाहेर पाहिलं.

अष्टमीला पोचलो तेव्हा महिपतीकाकांच्या ओटीवर शेजारपाजारची मंडळी सजावटीची माळ लावायला जमली होती. आम्हाला पाहून काकांचा चेहरा उतरला; पण तो उतरलेला लोकांना दिसू नये म्हणून त्यांनी लगेच तो वर चढवला.

"मी गनपती न्यायला आले," काशीकाकी दारातूनच म्हणाली.

"या, या. मागा की मग," काका म्हणाले. मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "मागितला तर देईन, असं मी सकाळीच सांगितलंय. हात पसरा, मी देतो."

"मागू कशाला? माझाच हाय."

"मग राहिलं. मागितला तर देणार, न मागता नाय!"

तिसऱ्यांदा. दोन दिवसांत तीच चूक तिसऱ्यांदा, आधी हितेश, मग बाबा आणि आता हे. मी हातातला गणपती ओटीवर ठेवला आणि पदर खोचला.

"महिपतीकाका," मी म्हटलं, "सकाळी तुम्ही म्हणालात, मागितला तर देईन. न मागता देणार नाही, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. ते तुम्ही आत्ता, ह्या सगळ्यांसमोर, नवीन घातलंत. सकाळचा शब्द पाळायला तुम्हाला तिने मागायची गरजच नाही, न मागता दिलात तरी तो मोडत नाही. शब्दाचे पक्के ना तुम्ही? मग सकाळी जेवढे बोललात तेवढ्यावर राहा. संध्याकाळी त्याला शेपूट कशाला जोडता?"

"हिला म्हणायचंय काय?" काकांनी शेजाऱ्याला विचारलं.

"तुमी अडकलाव असं म्हणते ती," माळ धरून स्टुलावर उभा असलेला शेजारी म्हणाला आणि सगळे हसले.

महिपतीकाका तोंड उघडणार इतक्यात आतून शांतीकाकू आल्या. सकाळपासून पाणी न प्यायलेली बाई. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. कोपऱ्यात जाऊन रुमाल काढला, पाटावरून गणपती दोन्ही हातांनी उचलला आणि दारात येऊन काशीकाकीच्या हातात दिला.

"उपास आहे माझा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आज दारात देवावरून भांडणं नकोत. तो दुसरा ठेवा पाटावर, तसाच तर आहे."

"डोळे तसे नाहीत," काका पुटपुटले. तसेच होते, बाबांनीच काढलेले. पण आता ह्यांना कोण शिकवणार?

काशीकाकीने गणपती छातीशी धरला. मग तो थोडा तिरका करून तळाला, जिथे रंग नसतो, नुसती माती दिसते तिथे, बोट फिरवलं. हलकेच. आणि पहिल्यांदा रडली. शांतीकाकूंनी तिचा हात धरला, आणि मी उगाच एसटीची वेळ बघायला गेले, कारण रडणाऱ्या माणसांसमोर माझं काही चालत नाही.

परतीची गाडी बऱ्यापैकी रिकामी होती. काकी पुढच्या सीटवर, गणपती मांडीवर फडक्यात, मी शेजारी. बाबांशी काय बोलायचं हे मी मनात जुळवत होते आणि काही जुळत नव्हतं. काकीने पुढल्या वर्षी आमच्याकडे यायचं की नाही ते सांगितलं नव्हतं, आणि तिने जे सांगितलं नव्हतं ते मी भरायला गेले नाही.

कंडक्टर तिकिटं काढत आला. वाकून फडक्याखाली पाहिलं. "मावशी, पाट नाय खाली. विकायला चाललाय काय?"

झालं! मी अशी उसळले की सीट वाजली. "अहो, पाटावर असेल तर घरचा, ह्याचा अर्थ पाटावर नसेल तर..."

काकीने मला कोपराने ढोसलं. "गप गो बाय. येकेकाला शिकवाया बसलीस तर पेन यायचं नाय." मग ती कंडक्टरकडे बघून म्हणाली, "विकायचा नाय, दादा. ह्यात माझं शेत हाय. घरी न्यायाचंय."

कंडक्टरला काय कळलं कुणास ठाऊक, बहुतेक काहीच नसावं. पण त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही. दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि ड्रायव्हरला हाक मारली, "दामू, खड्ड्यातनं हळू घे रे. पुढच्या सीटवर मावशीचं शेत हाय."

आणि ड्रायव्हरने गाडी हळू घेतली.